दोघेही ई२/ई२, मग रिपोर्ट भावाचाच का बिघडला?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई ४७ वर्षांच्या, भाऊ ४१ वर्षांचा. भावाच्या कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल ३९६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४५२, एचडीएल (ज्याला चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात) ३४ निघालं. एलडीएलच्या, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलच्या, रकान्यात लॅबने नुसती रेघ मारली होती. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करवली, तिचा निकाल: एपो-ई या जीनचा प्रकार ई२/ई२. त्या धास्तीने ताईंनीही तीच तपासणी केली आणि त्यांचाही निकाल ई२/ई२ आला. पण त्यांचं कोलेस्टेरॉल १६८, ट्रायग्लिसराइड १३२, एचडीएल ५४, एलडीएल ८८. भाऊ म्हणतो, "ताई, तुला बाई असल्याचा फायदा आहे." त्या विचारतात: हे खरं का? खरं असेल तर किती दिवस पुरणार? सहा महिन्यांपासून पाळी पुढेमागे होतेय. घरात १९ वर्षांची मुलगी आहे, तिचं काय?

ताई, भाऊ म्हणतो ते खरं आहे, पण अर्धंच. फायदा आहे. तो कायमचा नाही, आणि पाळी पुढेमागे होऊ लागली म्हणजे नेमका तो ओसरण्याचा काळ सुरू झाला. म्हणून 'तुमचा रिपोर्ट छान आहे, दोन वर्षांनी या' असं मी तुम्हाला म्हणणार नाही.

आधी भावाचा आजार समजून घेऊ, कारण तो कळला की तुमचा प्रश्न आपोआप सुटतो.

जेवणातली चरबी आतड्यातून रक्तात येते ती मोठाल्या कणांत भरून. लिव्हरही स्वतःचे असे कण सोडतं, त्यांना व्हीएलडीएल म्हणतात. हे कण स्नायूंपाशी आणि चरबीच्या पेशींपाशी ट्रायग्लिसराइड उतरवत जातात. माल उतरवून झाला की उरतो तो आक्रसलेला, कोलेस्टेरॉलने गच्च भरलेला अवशेष, आणि तो लिव्हरने परत ओढून घ्यायचा असतो. दूध संघाचे कॅन जसे रिकामे झाले की संकलन केंद्रात परत जातात आणि कॅनवरच्या खुणेवरून ते कुठले हे कळतं, तशी या अवशेषांवरची खूण म्हणजे एपो-ई हे प्रथिन. २९९ अमिनो आम्लांची ही साखळी. माणसांत तिचे तीन मुख्य प्रकार सापडतात, ई२, ई३ आणि ई४, आणि त्यांत फरक फक्त ११२ आणि १५८ या दोन जागांचा. सगळ्यांत जास्त लोकांत आढळतो तो ई३. ई२ मध्ये १५८ व्या जागी आर्जिनिनऐवजी सिस्टीन बसतं. एवढ्याशा बदलाने लिव्हरवरच्या एलडीएल रिसेप्टरला, म्हणजे हे कण पकडून आत घेणाऱ्या दारवानाला, ही खूण जवळपास वाचता येत नाही. चिकटण्याची ताकद नेहमीच्या दोन टक्क्यांहूनही खाली जाते.

आई आणि वडील दोघांकडूनही ई२ मिळालं तर अंगात वाचता येणारी खूणच नाही. तुम्हा दोघांचं तसं झालंय. मग अवशेष रक्तात रेंगाळतात, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड हातात हात घालून चढतात आणि हे अवशेष धमनीच्या भिंतीत शिरायला पटाईत असतात. याचं जुनं नाव 'टाइप तीन'. भावाचे ३९६ आणि ४५२ हे आकडे जवळजवळ जोडीने चालतात, हा या आजाराचा अगदी नमुनेदार चेहरा. एलडीएलच्या जागी रेघ आली कारण आपल्याकडच्या बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. हे सूत्र १९७२ चं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, आणि टाइप तीनमध्ये तर ४०० च्या खालीही ते फसवतं.

आता गंमत बघा. ई२/ई२ असलेल्या दर दहा माणसांत आजार होतो तो फार तर एकाला. बाकीच्यांचं एलडीएल उलट कमी असतं, कारण व्हीएलडीएलचं एलडीएल होण्याची वाटच मंदावते आणि एलडीएल रिसेप्टरवरची गर्दी कमी होते. ताई, तुमचं ८८ हे एलडीएल काही अंशी त्याच जीनची देणगी आहे. म्हणजे जे जीन भावाच्या रिपोर्टमध्ये खलनायक आहे, तेच तुमच्या रिपोर्टमध्ये सध्या सद्गृहस्थासारखं वागतंय.

ते कधी बिघडतं? जीनच्या जोडीला दुसरा धक्का बसला की. वजन वाढणं, मधुमेह, दारू, थायरॉइड मंदावणं, किडनीचा आजार. आणि बायकांमध्ये आणखी एक, पाळी जाणं. पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं की हा आजार पुरुषांत तिशी-चाळिशीत दिसतो आणि बायकांत बहुधा पाळी गेल्यावर. ती ओळ मी विद्यार्थी असताना पाठ केली होती. तिचा अर्थ कळला पुढे, ओपीडीत.

एक भाजीचे व्यापारी आले होते, हातापायाला मुंग्या येतात म्हणून. मधुमेह असेल असा माझा कयास. नाडी बघताना तळहात वर वळवला तर हाताच्या रेषा पिवळ्या-केशरी, जणू हळदीचा हात नुसताच पुसलाय आणि रेषांत हळद राहिलीय. बायको म्हणाली, "आम्हाला वाटलं हळदीच्या पोत्यांना हात लावतात, त्याचे डाग." साबणाने निघत नव्हते. कोपरांवर मुगाच्या दाण्याएवढ्या गाठी. रक्त काढलं, नळी अर्धा तास उभी ठेवली, तर वरचा निवळ भाग सोनेरी दिसायच्या ऐवजी ताकासारखा गढूळ. तळहाताच्या रेषांतला तो पिवळेपणा दुसऱ्या फारशा कशात दिसत नाही; तो दिसला की जनुकीय तपासणीच्या आधीच निदान जवळपास हातात असतं. त्यांची मोठी बहीण सोबत आलेली, पन्नाशी ओलांडलेली. सहज तिचेही हात बघितले. तिच्या रेषाही पिवळट होत्या, फिक्या, पण होत्या. ती म्हणाली, दोन वर्षांपूर्वी पाळी गेली, त्याआधीच्या ऑपरेशनच्या वेळचे रक्ताचे रिपोर्ट चांगले होते. तिने जुनी फाइल आणून दाखवली, आणि खरंच चांगले होते.

त्या दोन वर्षांत तिच्यात झालं ते असं. इस्ट्रोजेन लिव्हरवर एलडीएल रिसेप्टरची संख्या वाढवतं. खूण पुसट असली तरी दारात माणसं जास्त उभी असतील तर काही कॅन आत घेतले जातातच. इस्ट्रोजेन गेलं की माणसं कमी, आणि खूण तर आधीपासूनच पुसट. ई३ वाल्या बाईचंही कोलेस्टेरॉल या काळात चढतं, पण तिची खूण शाबूत असल्याने काम निभावून जातं. ई२/ई२ वालीला तेवढी सवलत नाही.

यातला एक जुना शोध मला फार आवडतो. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन सर्वसाधारण बाईचं ट्रायग्लिसराइड वाढवतं, कारण गोळी आतड्यातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि लिव्हर व्हीएलडीएल जास्त सोडू लागतं. हे सगळ्या डॉक्टरांना माहीत. पण १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात टाइप तीनच्या रुग्ण बाईत इस्ट्रोजेनने चरबी उलट उतरली. तीच गोळी, पण जीन वेगळं म्हणून परिणाम उलटा. जीन आणि हार्मोन यांची अशी गुंतागुंत इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. याचा अर्थ तुम्ही इस्ट्रोजेन सुरू करा असा मुळीच नाही. त्याचे फायदे-तोटे वेगळे आहेत, आणि कोलेस्टेरॉल उतरवायला आज त्याहून कितीतरी सरळ औषधं आहेत. पण पाळी जाण्याच्या त्रासासाठी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ हार्मोन सुचवणार असतील तर त्यांना ई२/ई२ हा शब्द आधी सांगा. गोळी की त्वचेवरची पट्टी, हा निर्णय त्यावर फिरू शकतो.

आता जरा मोठ्या प्रश्नाकडे, कारण तुमच्या पत्रात तो मागे उभा आहेच: जीन्सचा परिणाम पुरुष-बायकांत सरसकट वेगळा असतो का?

नाही. निराश होऊ नका, पण उत्तर 'बहुतांशी नाही' असंच आहे. रक्तातल्या चरबीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय जागांच्या सगळ्यांत मोठ्या शोधांपैकी एक साडेसोळा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून झाला. २०२२ मध्ये त्याच माहितीत बाया आणि पुरुष वेगळे करून पाहिलं तेव्हा एक्स-वाय सोडून इतर गुणसूत्रांवरच्या, चरबीशी संबंधित जागांपैकी ३ ते ५ टक्क्यांमध्येच परिणाम लिंगानुसार झुकलेला सापडला. उरलेल्या ९५ ते ९७ टक्क्यांत जे पुरुषात घडतं तेच बाईत. शिवाय एक्स गुणसूत्रावर चरबीशी संबंधित २१ नव्या जागा सापडल्या, आणि लिंगानुसार झुकणाऱ्या बऱ्याच जागांचा संबंध लैंगिक हार्मोनशी दिसला. म्हणजे थोड्या जागा, पण उगाच कुठेतरी विखुरलेल्या नाहीत; हार्मोनच्या अवतीभवती जमलेल्या आहेत.

हे सांगायचं कारण, इंटरनेटवर तुम्हाला 'हे जीन फक्त बायकांचं कोलेस्टेरॉल वाढवतं' छापाचे मथळे ढिगाने सापडतील. त्यांतले अनेक जुने अभ्यास दोनशे-तीनशे माणसांचे. बायकांच्या गटात फरक ठळक निघाला, पुरुषांच्या गटात थोडक्यात हुकला, की लगेच 'बायकांत परिणाम आहे, पुरुषांत नाही' असं लिहून मोकळे. दहावीला ताईला ३५ आणि भावाला ३४ मिळाले म्हणून ताई हुशार आणि भाऊ ढ ठरवावा, तसला प्रकार. दोघांतला फरक खरा आहे का हे थेट तपासायचं असतं, आणि त्याला माणसं खूप लागतात. अशा अभ्यासांत मीही एके काळी भोळेपणाने विश्वास ठेवलाय आणि वर्गात शिकवलाय, म्हणून हे जरा चिडून लिहितोय.

पण खरोखर झुकलेल्या जागा आहेत त्या बघण्यासारख्या आहेत. सातव्या गुणसूत्रावर केएलएफ१४ नावाचं जीन आहे. त्याच्याजवळचा एक फेरफार एचडीएल, ट्रायग्लिसराइड आणि मधुमेहाचा धोका यांच्याशी जोडलेला आहे, आणि परिणाम बायकांत जास्त. त्यात आणखी एक मेख: या जीनची वडिलांकडून आलेली प्रत गप्प असते, बोलते ती फक्त आईकडून आलेली. त्यामुळे तोच फेरफार वडिलांकडून आला तर फरक पडत नाही आणि आईकडून आला तर पडतो. २०१८ मध्ये दिसलं की धोक्याचा फेरफार असलेल्या बायकांत चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते आणि चरबीच्या पेशी फुगतात. आपल्याकडे म्हणतात ना, अंगकाठी आईवर गेलीय. इथे ते शब्दशः खरं निघालं.

पुरुषांच्या बाजूने बघायचं तर हिपॅटिक लायपेज हे एन्झाइम घ्या, त्याचं जीन एलआयपीसी, पंधराव्या गुणसूत्रावर. हे एन्झाइम एचडीएलचे कण कुरतडून छोटे करतं. पुरुषांत ते मुळातच जास्त काम करतं. टेस्टोस्टेरोन त्याला चढवतं, इस्ट्रोजेन उतरवतं. म्हणून वयात येईपर्यंत मुलगा-मुलगी यांचं एचडीएल सारखंच असतं आणि मिसरूड फुटलं की मुलाचं खाली येतं. एचडीएलची खालची हद्द पुरुषाला ४० आणि बाईला ५० का, याचं मूळ इथे आहे. जिममध्ये स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणारी पोरं माझ्याकडे येतात, दंड बघण्यासारखे आणि एचडीएल १४, १५. कोणत्याही जीनमुळे नाही, त्याच एन्झाइमला बाहेरून चाबूक मारल्यामुळे. एका पोराने मला विचारलं होतं, "सर, जेनेटिक टेस्ट करू का?" मी म्हटलं, आधी सुई बंद कर, मग तीन महिन्यांनी भेट.

आहार, जीन आणि लिंग असे तिन्ही एकत्र आले की चित्र आणखी गुंततं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान्पिढ्या चाललेल्या अभ्यासात एपो-ए१ या जीनच्या एका फेरफाराबद्दल २००२ मध्ये दिसलं की तो असलेल्या बायकांनी तेलबियांतली, माशांतली बहु-असंतृप्त चरबी जास्त खाल्ली तर एचडीएल वाढतं, आणि नसलेल्यांत उलट. पुरुषांत असा सरळ संबंध दिसला नाही. सिगरेट आणि दारू हिशेबात धरल्यावरच काही दिसू लागलं. रोचक आहे, पण यावरून कुणाला 'तू सूर्यफूल खा, तू शेंगदाणा' असं मी सांगत नाही. घरपोच किट पाठवून 'तुमच्या डीएनएनुसार डाएट' विकणारे मात्र सांगतात.

एक मोठा अपवाद वेगळा काढून सांगतो, नाहीतर कुणीतरी हे वाचून चुकीचा निष्कर्ष काढेल. सगळ्याच जीन्सना हार्मोनचा लगाम लागत नाही. एलडीएल रिसेप्टरचं जीनच मोडलेलं असेल तर त्याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. दर २५० ते ३०० माणसांत साधारण एकाला. या रिसेप्टरच्या शोधाबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. इथे मुलगी जन्मापासूनच मुलासारखीच उंच एलडीएल घेऊन येते. १९०, २२०, २८०. रिसेप्टर बनवणारं जीनच अर्धं निकामी, तिथे इस्ट्रोजेन जास्त रिसेप्टर कुठून आणणार? थोडक्यात, जीनचा घाव जितका मोठा तितकं ते बाई की पुरुष हे कमी बघतं. ई२ सारखी जीन्स, ज्यांना दुसरा धक्का लागतो, त्यांच्यातच लिंगाचा फरक खुलून दिसतो.

पण या घराण्यांत हार्ट ॲटॅकच्या वयात फरक पडतो. उपचार न घेतलेल्या पुरुषांत सुमारे निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकार गाठतो, बायकांत साठीपर्यंत सुमारे तीस टक्क्यांना. या दहा वर्षांच्या उशिराने फार नुकसान केलंय. भावाची अँजिओप्लास्टी होते, घर हादरतं, दोन्ही भाऊ गोळी सुरू करतात, आणि बहीण डबा घेऊन हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसलेली असते. तिचं एलडीएल २१० आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. "बायकांना नाही होत" हे वाक्य मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून, एकदा तर एका डॉक्टरच्या तोंडून ऐकलंय. त्यात गरोदरपण आणि अंगावर पाजण्याचा काळ, तेव्हा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, सहसा थांबवतात, म्हणजे उपचाराची वर्षं आणखी कमी. आणि गोळीचा फायदा बायकांना कमी होतो असंही नाही. २०१५ मध्ये २७ चाचण्या आणि पावणेदोन लाखांच्या आसपास रुग्ण एकत्र करून पाहिलं, तेव्हा सारखा धोका असलेल्या बाई-पुरुषांत स्टॅटिनचा फायदा सारखाच निघाला.

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. गरोदर बाईचं ट्रायग्लिसराइड शेवटच्या तिमाहीत दुप्पट-तिप्पट होतं, बाळासाठी. बहुतेकींना त्याने काही होत नाही. पण लायपोप्रोटीन लायपेज किंवा एपो-ए५ सारख्या, चरबी उतरवण्याच्या वाटेवरच्या जीन्समध्ये कमकुवतपणा असेल तर तेच ट्रायग्लिसराइड हजाराच्या पार जातं आणि स्वादुपिंडाला सूज येते. आठव्या महिन्यात पोटात कळ उठली की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे; रक्ताची नळी दुधासारखी पांढरी दिसते तेव्हा लॅबवाला फोन करतो, "मॅडम, सॅम्पलमध्ये काहीतरी झालंय." सॅम्पलला काही झालेलं नसतं. तोच कमकुवतपणा तिच्या भावात असतो तेव्हा तो लग्नाच्या सीझनमध्ये दारू आणि गोडाधोडाच्या पंगतीनंतर दवाखान्यात येतो. दोघांच्या अंगात गळती एकाच नळाला, पाणी सुटण्याची वेळ मात्र वेगळी.

आता तुमच्याकडे, ताई, आणि थेट कामाचं.

पाळी जाण्याच्या काळात काय होतं याची नोंद अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या 'स्वान' अभ्यासात चांगली झालीय. शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल आणि एपो-बी (अशा कणांवरचं आणखी एक प्रथिन) उडी मारतात. नुसत्या वय वाढण्याने होतं तशी ती हळू चढण नाही. तुमच्याबाबतीत उडी एलडीएलची नसेल, अवशेषांची असेल. म्हणून एलडीएलचा आकडा बघून खूश होऊ नका. तुम्ही बघायचा तो 'नॉन-एचडीएल', म्हणजे एकूणमधून एचडीएल वजा. तुमचा आज १६८ वजा ५४, म्हणजे ११४. आणि त्याच्या जोडीला ट्रायग्लिसराइड. हे दोन्ही एका सुरात चढू लागले की समजा सुरुवात झाली. पुढची दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी साधं लिपिड प्रोफाइल पुरे. एकदा एपो-बी करून ठेवा. टाइप तीनमध्ये कोलेस्टेरॉल खूप आणि एपो-बी मात्र त्या मानाने कमी अशी विचित्र जोडी येते, आणि तीच निदानाला मदत करते. भावानेही करावी. जनुकीय तपासणी पुन्हा कुणी करायला सांगितली तर नको म्हणा. जीन बदलत नाही.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, नक्की करा, दोघांनी. मंद थायरॉइड हा या आजाराचा जुना साथीदार आहे, चाळिशीनंतर बायकांत तो बऱ्याचदा सापडतो, आणि अनेकदा तेवढा दुरुस्त केला की अर्धं काम होतं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. पोटाचा घेर शिंप्याच्या टेपने, बेंबीपाशी, महिन्यातून एकदा. लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच आणखी एक कण, आयुष्यात एकदा: हे सहाव्या गुणसूत्रावरच्या जीनने जवळजवळ ठरवलेलं असतं, आपल्या लोकांत युरोपियनांपेक्षा जास्त आढळतं, आणि बायकांत पाळी गेल्यावर थोडं वाढतं. त्याचं जीन तुमच्या एपो-ईपेक्षा वेगळं आहे, पण घरात दोन चोर असतील तर दोन्ही माहीत असलेले बरे.

खाण्याबद्दल. टाइप तीन हा आहाराला इतका छान प्रतिसाद देतो की कधी कधी औषधाची कमाल वाटावी, आणि ती असते पाच किलो कमी केल्याची. साखर, मैदा, पांढरा भात, दारू यांनी लिव्हर जास्त व्हीएलडीएल सोडतं. तुमच्या लिव्हरला परत घेणं अवघड, तर मुळात कमी सोडायला लावा. उपासांवर तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या वयाच्या बहुतेक जणी करतात म्हणून सांगतो: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वरईचा भात आणि वर राजगिऱ्याचा लाडू हा उपास लिव्हरच्या हिशेबी मेजवानीच आहे. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं ट्रायग्लिसराइड मी ग्राह्य धरत नाही, चार दिवसांनी परत करायला सांगतो.

औषध तुम्हाला आज नको. आकडे चढले तर स्टॅटिन, लागलं तर ट्रायग्लिसराइड उतरवणारं फेनोफायब्रेट, दोन्हींना हा आजार चांगला वळतो. भावाला बहुधा आत्ताच लागेल. ते त्याच्या डॉक्टरांनी थायरॉइड, साखर, लिव्हर, किडनी बघून ठरवावं. त्याने एवढंच लक्षात ठेवावं की स्टॅटिनसोबत त्याच जातीचं जेमफायब्रोझिल घ्यायचं नाही, फेनोफायब्रेट चालतं.

मुलीबद्दल. तुमच्याकडे ई२ शिवाय दुसरं द्यायला नाहीच, त्यामुळे तिच्यात एक ई२ नक्की आहे. दुसरी प्रत वडिलांकडची. ते बहुतेकांसारखे ई३/ई३ असतील तर मुलगी ई२/ई३, आणि या जोडीने सहसा आजार होत नाही; एलडीएल थोडं कमीच राहतं. तिची जनुकीय तपासणी नको. एक साधं लिपिड प्रोफाइल करून फाइलमध्ये ठेवा. पुढे तिने गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या किंवा पीसीओडीसाठी कुणी दिल्या, तर त्याआधी आणि तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड बघायचं, बस. लग्न जुळवताना हे कुणाला सांगायची गरज नाही. विचारलं नाहीत, पण पत्राच्या शेवटच्या ओळीतून मला ते दिसलं.

आणि तुमच्या आई-वडिलांपैकी जे असतील त्यांचे हात बघा. दोघांनीही तुम्हाला ई२ दिलंय, म्हणजे दोघांकडे निदान एकेक आहेच, कदाचित कुणाकडे दोन्ही. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, तळहात किंचित ताणून धरायला सांगायचा. ट्यूबलाइटखाली पिवळेपणा कळत नाही. त्या भाजीवाल्यांच्या बायकोला वर्षभर कळला नव्हता. भावाचे हात भाऊबीजेला बघायला हरकत नाही, पण हळद-कुंकू लावायच्या आधी.